पर्शियन मांजर शिरूर-दौंडमध्ये पाळायचं, तर खर्च किती?

पर्शियन मांजराच्या सगळ्या हिशेबात पिल्लाची किंमत एकदाच मोजायची असते, आणि घासाघीस मात्र तिच्यावरच सगळ्यात जास्त होते. पुणे भागात ‘डॉल फेस’ पिल्लू साधारण 8 ते 15 हजारांत मिळतं. नाक आत दबलेल्या ‘पंच फेस’चे 20-25 हजार किंवा त्याहूनही जास्त सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे पंच फेस घेऊच नये. त्या चपट्या नाकातून श्वास आधीच कष्टाने चालतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत घोडनदीकाठी आणि भीमाकाठीही पारा चाळिशीला टेकतो. पिल्लू 8 आठवड्यांपेक्षा लहान असेल तर ते विकायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे तिथून परत फिरा. या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. पिल्लाच्या आईबापाची सोनोग्राफी किंवा जनुकीय चाचणी झाली आहे का, हे विचारा. विकणारा उडवाउडवी करू लागला, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी घेऊ नका.

आता महिन्याचं बघू. मोठं मांजर दिवसाला 50-60 ग्रॅम कोरडं खाद्य खातं, म्हणजे महिन्याला दीड ते पावणेदोन किलोच्या आसपास. मध्यम दर्जाचं खाद्य किलोला 400-500 रुपये धरलं, तर 700-800 रुपये होतात. खास पर्शियनसाठीचं खाद्य घेतलं तर दुप्पट. शौचाच्या ट्रेमधली लिटर महिन्याला 10 किलो लागते, तिचे 500 ते 800. चिकन उकडून देता येतं, पण नुसत्या चिकनवर मांजर जगत नाही. त्यात कॅल्शियम कमी पडतं आणि मांजराला लागणारं टॉरिन उकडताना पाण्यात उतरतं. आठवडे बाजारातलं खारवलेलं सुकट नको. घरचं दूधही नको, गोठ्यात कितीही असलं तरी. मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही. जुलाब लागले की घाण मागच्या लांब केसांत चिकटते आणि ती साफ करण्यात सकाळ जाते.

केसांचा खर्च मात्र तुमच्या हातात आहे. पुण्यात एका ग्रूमिंगला हजार-दीड हजार लागतात, आणि अंगभर गुठळ्या झाल्या असतील तर जास्त. त्याऐवजी 300 रुपयांचा स्टीलचा, थोड्या विरळ दातांचा कंगवा घ्या आणि रोज दहा मिनिटं काढा. वरवर फिरवलेल्या कंगव्याने पाठ चमकते, पण गुठळ्या होतात त्या कानामागे, काखेत, पोटावर आणि मागच्या मांड्यांत. तिथे केस बोटांनी फाकवून कंगव्याचे दात कातडीपर्यंत पोचले पाहिजेत. गुठळी सापडली तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी तिचे दोन-तीन भाग करा आणि टोकाकडून मुळाकडे सोडवत या. कात्री लावू नका. गुठळीबरोबर पातळ कातडी वर उचलली जाते आणि पातं सरळ तिच्यात जातं. अंगणात गेलेल्या मांजराच्या केसांत कुसळं आणि गोखरू अडकतात, तेही त्याच दिवशी काढा. डोळ्यांतून पाणी गळतंच. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून रोज पुसा. घरात या कामाला रोज वेळ देणारं कुणी नसेल, तर पर्शियन आणू नये.

तसं अंगणात सोडूच नये. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. गोठ्यातल्या गोचिडांवर मारायचं औषध मांजराला कधीही लावू नका. डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन या गटातली औषधं मांजराचा जीव घेतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही तेच करते.

उन्हाळ्यात कूलर दहा तास चालला, तर महिन्याला 500-600 रुपये वीजबिल वाढतं. पत्र्याच्या खोलीत त्यानेही भागत नाही. स्लॅबचं घर, तळमजला आणि उघडी शहाबादी फरशी बरी. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं की त्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत लगेच डॉक्टरांकडे न्या. उन्हाळा आला म्हणून सगळे केस भादरू नका. पोटाकडचे आणि शेपटीखालचे कापून घेतले तरी पुरतं.

पहिल्या वर्षी तिहेरी लशीचे डोस, रेबीजची लस आणि जंताची औषधं मिळून तीनेक हजार होतात. नसबंदीचे 4 ते 7 हजार. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींत गुंतलेले असतात. मांजराची लस मागवून देतात का, भूल देऊन शस्त्रक्रिया करतात का, हे पिल्लू आणण्याआधीच विचारून ठेवा. नाहीतर पुणं. शिरूरहून जाऊन-येऊन 140 किलोमीटरच्या आसपास, दौंडहून त्याहून थोडं जास्त, म्हणजे एका खेपेला पेट्रोलचेच हजार रुपये. दौंडकरांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हाही एक पर्याय आहे. प्रवासाची पेटी, ट्रे, कंगवा, भांडी यांचे साडेतीन हजार, अशा चार खेपा आणि दोन-तीन महिन्यांचा कूलर धरला, तर पिल्लाची किंमत सोडून पहिलं वर्ष 35 हजारांच्या घरात जातं. पुढची वर्षं वीस-बावीस हजारांत बसतात.

याशिवाय पाचेक हजार कायम बाजूला ठेवा, विशेषतः बोका असेल तर. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंब पडत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा ‘उद्या सकाळी बघू’ म्हणायला वेळ नसतो. दिवस-दोन दिवसांत जीव जातो. रात्री उघडा असणारा पुण्यातला एक दवाखाना आणि रात्री गाडी काढणारा गावातला एक माणूस, दोघांचे नंबर फोनमध्ये आजच घालून ठेवा.