फॉर्मवरचं मत, बटणावरचं मत

1. दर पाचवं घर हे कागदावरच असतं.
2004 च्या लोकसभेआधी, कॉलेजात असताना, मी एका संस्थेसाठी मतचाचणीचे फॉर्म भरत फिरलो. फॉर्ममागे पैसे मिळायचे. नियम असा की दर पाचव्या घरी विचारायचं. पाचव्याला कुलूप असलं की सहावं, सहाव्यात कुत्रं असलं की सातवं. दुपारी कमावते पुरुष बाहेर, म्हणून फॉर्मांत म्हातारे आणि घरच्या बायकाच जास्त. शेवटच्या दिवशी सहा फॉर्म कमी पडले, ते मी चहाच्या टपरीवर बसून स्वतःच भरले. दोन वेगवेगळ्या पेनांनी! 'इंडिया शायनिंग'चे दिवस होते, चाचण्या वाजपेयी सरकार परत आणत होत्या. निकाल लागला तेव्हा काँग्रेस 145, भाजप 138. माझ्या सहा फॉर्मांनी देशाचा अंदाज चुकला नसेल, पण टीव्हीवर आकडे नाचू लागले की मला ती टपरी आठवते.

2. दारात मिळतं ते उत्तर.
एका घरी बाई दाराशी आल्या. प्रश्न त्यांना विचारला, उत्तर आतल्या खाटेवरून आलं. मी बाईंकडे पाहिलं. "ते म्हणतील तेच लिहा," म्हणाल्या आणि पदर सावरत हसल्या. मी लिहिलं.
पुढे शिक्षक झालो, निवडणुकीची ड्युटी लागू लागली. कंट्रोल युनिट माझ्यापुढे. मी बटण दाबायचं, मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जायचा, लांब बीप वाजली की पुढचा. बहुतेकांची बीप लगेच येते. नवऱ्यापाठोपाठ आलेल्या काही बायका मात्र आत रेंगाळतात. नवरा दाराशी, शाई लागलेलं बोट पाहत उभा. तिथे खाटेवरून उत्तर देणारं कुणी नसतं. बीप होईपर्यंतचे ते क्षण टिपायला माझ्या जुन्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

3. 'नोटा'वाल्याला आळशी म्हणू नये.
2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव, दोन्हीकडे 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता. त्याला कितीही मतं पडली तरी आमदार उमेदवारांतूनच होणार. तरीही माणसं रांगेत उभी राहिली. आळशी ते, जे सुट्टी धरून महाबळेश्वरला जातात.

4. एक्झिट पोलवर पैज लावू नये.
1 जून 2024 च्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्या एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेत होत्या. 4 तारखेला गाडी 293 वर थांबली. टपरीवर फॉर्म भरलेला माणूस मी, तरी भुललो. सगळ्या स्टाफरूमला मिसळ खिलवावी लागली.

5. विचारायला येणाऱ्याला पाणी द्यावं.
मागे एक मुलगी टॅब घेऊन दारात आली. घामाघूम झाली होती. बसवलं, पाणी दिलं, सगळे प्रश्न ऐकून घेतले. वय, शिक्षण, रस्ते, महागाई, सगळं खरं सांगितलं. कोणाला मत देणार, तेवढं खोटं सांगितलं.