आरोग्यपाठ : मण्यारीचा दंश

घाटघरसारख्या नाणेघाटमाथ्यावरील भातशेतीच्या गावी हा पाठ पावसाळ्यापूर्वी अवश्य घ्यावा.

कारण : मण्यार रात्री भक्ष्य शोधीत घरात शिरते व जमिनीवर निजलेल्यास दंश करते. तिच्या विषामुळे मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

लक्षणे : दात बारीक असल्याने जखम सहसा दिसत नाही, सूज व वेदनाही बहुधा नसतात. पहाटे मूल पोटदुखीने उठते. पुढे पापण्या मिटू लागतात, गिळणे व बोलणे कठीण होते, अखेर श्वास थांबतो. म्हणून अशी पोटदुखी अजीर्ण समजून ओवा देत बसू नये.

उपचार : दंशाची जागा चिरू नये, चोखू नये, घट्ट आवळू नये. रुग्णास चालवू नये. १०८ क्रमांकास कळवावे. विलंब दिसल्यास मिळेल त्या वाहनाने जुन्नरच्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. कृत्रिम श्वासोच्छ्वासाने प्राण वाचू शकतो. मांत्रिकाकडे दवडलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

स्वाध्याय : आपल्या घरी कोण जमिनीवर निजते, हे प्रत्येक मुलाने सांगावे. बाज नसल्यास अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणीही रक्षण करते, हे घरी समजावून सांगण्यास त्यांस सांगावे.