डायलिसिसच्या रुग्णांसाठी व्यायाम

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, सुमारे चार तास डायलिसिस घ्यावे लागते. यंत्र रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जास्तीचे पाणी काढून टाकते. स्नायूंची झीज मात्र ते थांबवीत नाही. रक्ताल्पता, प्रथिनांची उणीव व सततची विश्रांती यांमुळे पाय दुर्बल होतात. पुढे एसटीची पायरी चढणे, शौचास स्वतः उठून जाणेही अवघड होते आणि रुग्ण परावलंबी होतो.

अर्जुनी मोरगाव, देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतून गोंदियास येणाऱ्या रुग्णाचा अख्खा दिवस प्रवासात व उपचारात जातो. फिजिओथेरपीसाठी त्याने पुन्हा वेगळ्या दिवशी यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून व्यायामच डायलिसिसच्या खाटेपर्यंत व रुग्णाच्या अंगणापर्यंत पोहोचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

इटलीतील सुमारे ३०० रुग्णांवरील ‘एक्साइट’ हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटास डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दोन वेळा दहा-दहा मिनिटे चालण्यास सांगितले होते. सहा महिन्यांनी या गटाचे सहा मिनिटांत चालण्याचे सरासरी अंतर ३२८ वरून ३६७ मीटर झाले. दुसऱ्या गटात फारसा फरक पडला नाही.

व्यायामाचा आरंभ डॉक्टरांच्या संमतीनेच करावा. डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत घोटे वरखाली करणे, गुडघा सरळ करून पाय उचलणे हे सोपे प्रकार करता येतात. नंतर रक्तदाब उतरण्याचा संभव अधिक असतो. फिस्टुलाचा हात स्थिर ठेवावा. मांडीत नळी असल्यास पायांचे व्यायाम करू नयेत. घरी खुर्चीवरून उठबस व सपाट जागी चालणे पुरेसे आहे. उन्हाळ्यात ते पहाटे करावे. छातीत दुखणे, धाप वा चक्कर जाणवल्यास तत्काळ थांबावे. डायलिसिस चुकले असल्यास व्यायाम टाळावा. व्यायामानंतरही पाणी ठरलेल्या मर्यादेतच प्यावे.

कुटुंबीयांनी रुग्णास प्रेमापोटी खाटेवरच बसवून ठेवू नये. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यापर्यंत जाऊन आपली बांधी पाहून येणे, एवढे उद्दिष्टही त्यास उभारी देते. देणगीदारांनी दिलेले यंत्र सर्वांस दिसते. फिजिओथेरपिस्टच्या वेतनावर नावाची पाटी लागत नाही. तरीही विश्वस्तांनी व दात्यांनी यंत्राइतकाच या सेवेचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.