भीड बाजूला ठेवून कॅमेरा घे

सांगली

चि. मधुरा हिस,


तुझा मेसेज वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण कॅमेरा हातात घेशील तेव्हा हे सगळं समोर असावं, म्हणून लिहूनच पाठवतो आहे.

तुझ्यासमोर दोन कॅमेरे आहेत. लग्नाचे फोटो काढणाऱ्या, आबांच्या ओळखीच्या गृहस्थांचा निकॉन डी ७०००, आणि तुझ्या मैत्रिणीच्या भावाचा डी ३३००, जो चार वर्षं कपाटात चामड्याच्या बॅगेत ‘जसाच्या तसा’ आहे. तुझा कल दुसऱ्याकडे दिसतो. पण मला खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘ओळखीचे आहेत, त्यांच्यासमोर तपासत बसणं बरं दिसणार नाही.’ मधुरा, भीड ही भिकेची बहीण. कॅमेऱ्यासाठीचे हे पंचवीस हजार तू शिकवण्या घेऊन साठवलेस. ज्या गृहस्थांची तुला भीड वाटते, त्यांनी स्वतः कॅमेरा घेताना तो नीट पारखूनच घेतला असणार. सरळ सांग, ‘काका, मी नवशिकी आहे, अर्धा तास बघून घेते.’ चांगला विकणारा तुला खुर्ची देईल. जो घाई करेल, त्याच्याकडून घेऊ नकोस.

आधी हे कॅमेरे आता स्वस्त का मिळतात ते समजून घे, म्हणजे मनात शंका राहणार नाही. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनी मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे बाजारात आणले, आणि नंतर धंदेवाईक लोक हळूहळू तिकडे वळले. त्यांचे असे जुने डीएसएलआर कॅमेरे विक्रीला आले. त्या कॅमेऱ्यांनी फोटो काढणं काही विसरलेलं नाही.

आता तुझ्यासमोरच्या दोन कॅमेऱ्यांतला फरक. डी ७००० हा २०१० चा, १६ मेगापिक्सेलचा. डी ३३०० हा २०१४ चा, २४ मेगापिक्सेलचा. आकडे बघून कुणीही दुसरा उचलेल. मी पहिला उचलीन. डी ७००० च्या बॉडीत फोकसची मोटर आहे, डी ३३०० मध्ये नाही. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स, उदाहरणार्थ स्वस्तात मिळणारी ५० एमएम एफ १.८ डी, डी ३३०० वर लागतात खऱ्या, पण फोकस हाताने करावा लागतो. पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरत असताना, माणसं हलत असताना, नवशिक्याला ते जमणं कठीण. शिवाय निकॉनचा हा माउंट १९५९ पासूनचा आहे, त्यामुळे जुन्या लेन्सचा मोठा साठा बाजारात फिरत असतो. तुझ्यासारखीला, जिला एकेक लेन्स जमवत जायचं आहे, तो साठा खुला असलेला बरा.

बॉडीवर निम्म्याहून जास्त पैसे घालू नकोस, हे माझं ठाम मत आहे. बॉडी पाच वर्षांनी बदलशील, चांगली लेन्स राहील. सोबत मिळणारी किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६ पर्यंतच उघडते, एफ १.८ ची लेन्स तिच्यापेक्षा सुमारे दहापट प्रकाश आत घेते. बंदरावर उजाडण्याआधी जे तुला टिपायचं आहे, ते या फरकानेच टिपता येईल. ३५ एमएम एफ १.८ जी जुनी मिळाली तर सर्वांत उत्तम, ती दोन्ही कॅमेऱ्यांवर फोकस करते. तीन-चार हजार बाजूला ठेव: नवी बॅटरी, नवं कार्ड आणि हवाबंद डबा.

डब्यावरून आठवलं, आणि हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रत्नागिरीची हवा लेन्सची शत्रू आहे. चार पावसाळे कपाटात, तेही चामड्याच्या बॅगेत, पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लागण्याचा धोका रोज हाताळल्या जाणाऱ्या लेन्सपेक्षा जास्त. म्हणून मला ‘जसाच्या तसा’ या शब्दांचा भरवसा वाटत नाही. लेन्स कॅमेऱ्यावरून काढ. मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असते, ती बोटाने हळूच सरकवून आतली अ‍ॅपर्चरची पाती पूर्ण उघड. मागून मोबाइलचा टॉर्च धर आणि पुढून तिरकं बघ, सरळ डोळा लावून नको. धुळीचे चार कण दिसले तर सोडून दे, फोटोत ते दिसत नाहीत. पण झाडाच्या मुळांसारखे बारीक, फाटे फुटलेले पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी. ती काचेवरचं कोटिंग खाते; पुसून निघाली तरी डाग राहू शकतो. अशी लेन्स फुकट दिली तरी नको म्हण. पट्टी सोडल्यावर पाती चटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर त्यांच्यावर तेल आलं आहे.

बॉडीचं त्या मानाने सोपं. आपलं कार्ड घालून आपल्या हाताने फोटो काढ. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवून समोरून एक फोटो घे. एकच कोपरा पुसट आला तर लेन्स पडलेली असू शकते. एफ १६ ला मोकळं आकाश टिप. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका आला तर सेन्सरवर काहीतरी आहे. सुटी धूळ ब्लोअरने जाते, चिकट डाग किंवा ओरखडा जात नाही. सर्वांत वेगवान शटरला एक फोटो काढ आणि चौकटीत कुठे काळी पट्टी येते का बघ. पकडीचं रबर सुटलंय का, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का, आतल्या पट्ट्यांवर गंज आहे का, तेही बघ. बाहेरच्या ओरखड्यांवर भाव पाड, पण त्यासाठी कॅमेरा नाकारू नकोस.

तळाचा सिरियल नंबर बिलाशी ताडून बघ. बिल नसेल तर विकल्याचं कागदावर लिहून, सही घेऊन ठेव, आणि पैसे यूपीआयने दे. चोरीचा माल ओळखीतूनही येतो, विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. दोन्ही नाही जमले तर वाईट वाटून घेऊ नकोस. सुट्टीत मुंबईला जाऊ, फोर्टमधल्या बोरा बझारला. दुकानात थोडे जास्त पडतात, पण काही बिघडलं तर परत जायला पत्ता असतो.

राहिला शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत झालेल्या क्लिकचा आकडा. डी ७००० चं शटर कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, डी ३३०० चं एक लाखापर्यंत. त्या आकड्याला कॅमेरा बंद पडतो असं नाही, पण लग्नवाल्यांचा कॅमेरा लाखाच्या पुढे गेला असेल तर भाव त्या हिशोबानेच व्हायला हवा. या किमतीच्या बॉडीत नवं शटर बसवणं परवडत नाही. निकॉन हा काउंट प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. दोन्ही कॅमेऱ्यांनी आज काढलेला एकेक फोटो मला पाठव. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलास तर ती माहिती पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठव. मी आकडा काढून संध्याकाळपर्यंत कळवतो; तोवर कुणालाही विसार देऊ नकोस.

ताईला आणि आबांना नमस्कार.

तुझा,
मामा