रात्रीचा रस्ता व रात्रीचा चालक

दिवसां दहा वाजतां चौकांतील तांबडा दिवा पाहून निमूटपणें थांबणारा गृहस्थ रात्रीं एक वाजतां त्याच चौकांतून, तोच तांबडा दिवा समोर असतांना, वेग न आवरतां निघून जातो. मनुष्य तोच, वाहन तेंच, दिवाही तोच. मग मध्यें बदललें काय? त्यास विचारलें तर तो म्हणतो कीं, रस्ता मोकळा होता, पोलीस नव्हता, आणि थांबण्यांत अर्थ नव्हता. हें उत्तर वरवर पाहतां शहाणपणाचें वाटतें. म्हणून तें येथें जरा तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘रस्ता मोकळा होता’ या बोलण्याचा खरा अर्थ ‘रस्ता मोकळा दिसला’ एवढाच होय. आपल्या डोळ्याच्या मागील पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडांत काम करितात व रंग ओळखतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक प्रकाशांत उपयोगी पडतात, परंतु त्यांस रंग कळत नाहीं व बारीक तपशीलही कळत नाहीं. या दंडपेशींस अंधाराची पुरती संवय होण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. इकडे समोरून येणाऱ्या मोटारीचा प्रखर दिवा डोळ्यांवर पडला कीं ती संवय क्षणांत मोडते, आणि मोटार निघून गेल्यावरही कांहीं सेकंद चालक जवळजवळ आंधळाच असतो. तेवढ्या अवधींत काळें घोंगडें पांघरून कडेनें चाललेला म्हातारा त्यास दिसत नाहीं, आणि मागाहून तो शपथेवर सांगतो कीं रस्त्यांत कोणी नव्हतें. तो खोटें बोलत नसतो, हीच खरी भीतीची गोष्ट.

आतां थोडें गणित करूं. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चपळ मनुष्यासही एक सेकंद लागतो. थकलेल्यास त्याहून अधिक. ब्रेक दाबल्यावर, रस्ता कोरडा व चाकें चांगलीं असलीं तरी, मोटार आणखी सुमारें ३५ मीटर पुढें जाऊन मग थांबते. एकूण ५७ मीटर झाले. खालीं झुकविलेल्या दिव्याचा उपयोगी प्रकाश साधारणतः ४० ते ६० मीटरच पोंचतो! वेग ताशीं ५० असता तर हेंच अंतर सुमारें २८ मीटर भरलें असतें. वेग दुप्पट झाला म्हणजे ब्रेक दाबल्यानंतरचें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें गतीच्या सूत्रावरून स्वतः ताडून पाहावें.

अंधाराचा प्रभाव किती, याचा एक मोठा पुरावा इतिहासांत सांपडतो. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू होतांच ब्रिटनमध्यें शत्रूच्या विमानांच्या भयानें रात्रीचे दिवे झांकण्यांत आले. पुढें पेट्रोलावर नियंत्रण आलें व मोटारी कमी झाल्या. तरीही रस्त्यांवर मेलेल्यांची संख्या १९४१ सालीं ९,१६९ झाली, आणि तेथील नोंदींत तो उच्चांक अद्याप कायम आहे. पदपथांच्या कडा व झाडांचे बुंधे पांढऱ्या रंगानें रंगवावे लागले, आणि वस्तींतून रात्रीं ताशीं २० मैलांची मर्यादा घालण्यांत आली. यॉर्कशायरमधील पर्सी शॉ यानें १९३४ सालीं ज्यांचें पेटंट घेतलें होतें, त्या रस्त्यांत बसविण्याच्या चमकत्या ‘मांजरडोळ्यां’चें महत्त्वही लोकांस याच काळांत पटलें.

अंधाराची सोबतीण म्हणजे झोंप. शरीरांत एक घड्याळ असतें, आणि रात्रीं दोन ते पहांटे पांच या वेळांत तें झोंपेचीच हांक देत असतें. चहा घेतला, खिडकी उघडली, गाणें मोठें केलें, तरी तें घड्याळ फिरत नाहीं. चार सेकंदांची डुलकी चालकास स्वतःसही कळत नाहीं. तेवढ्यांत वरील मोटार जवळजवळ ९० मीटर गेलेली असते. १ जुलै २०२३ रोजीं समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्यु पावले, तेव्हां रात्रीचे सुमारें दीड वाजले होते. त्या अपघाताच्या कारणांविषयीं वाद झाला; तो आम्हांस येथें सोडवावयाचा नाहीं. परंतु केवळ चालकांस दोष देऊन भागत नाहीं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें दिवसाला आठ तासांची मर्यादा व पांच तासांच्या आंत अर्ध्या तासाची विश्रांती ठरविली होती. ज्याची कमाई खेपांवर मोजली जाते, तो ही मर्यादा पाळील कशी?

राहिला पोलीस. आमच्या रस्त्यांवर एक विचित्र बंधुभाव नांदतो. पुढें पोलीस उभे असले कीं समोरून येणारा अनोळखी चालक दिव्याची उघडझांप करून आपणांस सावध करतो. पुढें बंद पडलेला ट्रक अंधारांत उभा असला तर ती खूण क्वचितच कोणी करतो. हेल्मेट कोपरांत अडकविलेलें असतें व चौक जवळ आला कीं डोक्यावर चढतें. हेल्मेट डोक्यासाठीं नसून पावतीच्या भीतीसाठीं आहे, अशीच जणू समजूत! रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन चालविणाऱ्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. तरीही २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के मृत्यूंचें कारण सरकारी अहवालांत अतिवेग असें नोंदलेलें आहे.

पालकांस एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. कित्येक मुलें सायंकाळच्या शिकवणीस वडिलांची दुचाकी घेऊन जातात व परततांना मागें दोघांना बसवितात. दिवसाच्या सर्व वेळांत सर्वाधिक अपघात सायंकाळीं ६ ते ९ या वेळांतच होतात, हें बहुतेकांस ठाऊक नसतें. अल्पवयी मुलाकडून गुन्हा घडल्यास पालक अथवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, अशी तरतूद त्याच २०१९ च्या दुरुस्तीनें केली आहे.

आमच्या खेड्यांकडील विद्यार्थ्यांस याच विषयांत स्वतः करण्याजोगें काम आहे. गळिताच्या हंगामांत उसाच्या बैलगाड्या व ट्रॉल्या रात्रभर कारखान्याकडे जात असतात. त्यांस मागें तांबडी चमकती पट्टी लावलेली असते खरी, परंतु पुष्कळदां ती गाडीच्या फळीवर असते आणि ऊस तिच्यावर हातभर लोंबत असतो. तीच पट्टी लोंबणाऱ्या मोळीच्या टोकास बांधली, तर मागच्या मोटारीस ती दुरून दिसते.