जुन्या फ्रिजातील ज्वालाग्राही वायू व त्याची विल्हेवाट

सिरोंचा हे गाव प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमावर वसलेले असून वैशाखात येथील उष्मा ४५ अंशांच्या घरात जातो. दूध, भाजी, मासळी व जनावरांच्या लसी टिकविण्याकरिता खेड्यांतील शेतकऱ्यांच्या घरीही आता फ्रीज आले आहेत. वस्तू आली म्हणजे ती केव्हातरी मोडावयाचीच. परंतु मोडलेला फ्रीज भंगारात देताना जो धोका संभवतो, त्याची माहिती फार थोड्या गृहस्थांस असते.

आमच्या घरचाच प्रसंग सांगतो. जुना फ्रीज विकावयाचे ठरले. घेणाऱ्याने तांब्याच्या नळीकरिता ती पडवीतच कापावयास घेतली. दहा हातांवर चूल पेटलेली होती. फ्रिजाच्या पाठीवरील पिवळा त्रिकोण व त्यातील ज्वाळेचे चिन्ह सुदैवाने आमच्या दृष्टीस पडले व आम्ही त्याचा हात धरला. दोष त्याचा नव्हे. वस्तू देताना तीत काय आहे हे सांगणे आमचे काम होते.

पूर्वीच्या फ्रिजांत न जळणारे वायू असत. पण त्यांतील काही वातावरणातील ओझोनच्या थरास घातक ठरले. १९८७ साली माँट्रियल येथे त्यांजविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला व १९९२ साली हिंदुस्थान त्यात सामील झाला. १९९३ साली जर्मनीत आयसोब्युटेन हा वायू वापरणारे फ्रीज बाजारात आले. आपल्याकडे गोदरेज कंपनीने २००१ साली हाच मार्ग धरला. हा वायू ओझोनला अपाय करीत नाही व हवा तापविण्याची त्याची शक्ती अत्यल्प आहे. मात्र तो स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ असून जळतो. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसात मुद्दाम वास मिसळलेला असतो, तसा यात नसतो. म्हणून गळती नाकास कळत नाही.

घरगुती फ्रिजात हा वायू साधारण ३० ते ८० ग्रॅम असतो. एवढ्याने काय होणार, असे कोणी म्हणेल. त्याने हिशेब पाहावा. ५० ग्रॅम वायू मोकळा झाला म्हणजे सुमारे २१ लिटर जागा व्यापतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा १.८ ते ८.४ असता ठिणगीने भडका होतो. अर्थात २१ लिटर वायू ११०० लिटरांहून अधिक हवा पेटाऊ करू शकतो. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत तो छतापर्यंत सारखा पसरला तर भय नाही. परंतु तो हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, व बंद खोलीत त्याचा सुमारे ५ इंच जाडीचा पेटाऊ थर होऊ शकतो. आपली चूल व शेगडी त्याच थरात असतात. २०० लिटरांच्या बंद फ्रिजात तर सुमारे ९ ग्रॅमची गळतीही पुरते.

याकरिता पुढील नियम पाळावेत.

१. प्रथम पाटी वाचावी. ‘आर-६००ए’ किंवा ‘आयसोब्युटेन’ असे लिहिले असल्यास वायू ज्वालाग्राही समजावा. ‘आर-१३४ए’ सहजी जळत नाही, पण हवा फार तापवितो. तो मोकळा सोडू नये. एसीतील ‘आर-३२’ व ‘आर-२९०’ हे दोन्ही जळतात व मात्राही अधिक असते. ते कसबी कारागिराकडूनच काढवावेत.

२. गळतीचा संशय येताच विस्तव विझवावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, खोलीतील कोणतेही बटण दाबू नये. वीज बाहेरच्या मुख्य बटणावरून तोडावी.

३. शक्य तर वायू काढूच नये. फ्रीज उभाच, उघड्या गाडीतून, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा नवा देणाऱ्या दुकानदाराकडे पोचवावा व पावती घ्यावी. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी त्यांत उत्पादकांवर टाकलेली आहे.

४. काढणे अटळ असल्यास ते शिकलेल्या कारागिराचेच काम होय. मालकाने इतके पाहावे: फ्रीज मोकळ्या जागी असावा, घर, विहीर, नाली व तणशीची गंजी दूर असावी, जवळ विडी, चूल वा चालू मोटर नसावी. कारागिराने हातमोजे व चष्मा घालून भरणनळीवर भोक पाडणारी झडप बसवावी. ज्वलनशील वायूसाठी बनविलेले यंत्र असल्यास वायू टाकीत भरावा. नसल्यास ही थोडी मात्रा लांब रबरी नळीने, वाऱ्याच्या दिशेस, हळूहळू सोडावी. मागाहून कोरडा नायट्रोजन फिरवावा; ऑक्सिजन मुळीच वापरू नये, कारण तेलाशी गाठ पडता स्फोट होतो.

५. काँप्रेसरच्या तेलात काही वायू विरघळून राहतो व मागाहून निघत असतो. म्हणून नळी कातरयंत्राने कापावी. ज्योत कधीही लावू नये. भिंतींतील फेस जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

६. शेवटी दार काढून ठेवावे, म्हणजे खेळता खेळता मूल आत कोंडले जाणार नाही. आणि पेटीवर ‘वायू काढला’ असे तारखेसह लिहावे.

तणशीच्या गंजीजवळ विस्तव नेऊ नये, हे आपण मुलांस लहानपणीच शिकवितो. भंगारातील फ्रिजाविषयीही तोच धडा आता घरोघर द्यावयास हवा. आणि फ्रीज नेण्यास येणारा माणूसही कोणाचा तरी मुलगा आहे, हे ध्यानी ठेवून त्यास तो पिवळा त्रिकोण आपणच आधी दाखवावा.