‘बहिणीने खुशीने सोडले’ : नफ्सची फसवणूक ओळखताना



फसविणाऱ्याला सत्य ठाऊक असते आणि फसणाऱ्याला ते ठाऊक नसते. मग मनुष्य स्वतःलाच कसा फसवितो? एकाच मनाला सत्य ठाऊक असावे आणि नसावेही, हे कसे घडते? तत्त्वज्ञांना हा प्रश्न फार पूर्वीपासून पडला आहे. दिव्य कुरआनात त्याचे उत्तर एका घराच्या कथेतून उलगडते.

सूरह यूसुफ आपण अनेकदा ऐकली आहे. या वेळी केवळ भावांच्या बोलण्याकडे लक्ष द्या. कट रचतानाच ते एकमेकांना धीर देतात की, यूसुफ (अ.स.) यांना दूर केल्यावर आपण सदाचारी होऊ (१२:९). अपराध अजून घडलेला नाही, पण तौबा आधीच ठरली आहे! पुढे सदऱ्याला खोटे रक्त लावून ते रडत घरी येतात. तेव्हा हजरत याकूब (अ.स.) त्यांना सांगतात की, ही गोष्ट तुमच्या नफ्सनेच तुम्हाला सजवून दिली आहे (१२:१८). अनेक वर्षांनी मिसरमध्ये तेच भाऊ, समोर कोण उभा आहे हे न ओळखता, आपल्या हरवलेल्या भावालाच चोर ठरवितात (१२:७७). ज्याच्यावर अन्याय केला, त्याच्याच माथी दोष मारला की मन शांत राहते.

सूरह कियामहमध्ये (७५:१४-१५) याचे मूळ सांगितले आहे. मनुष्य कितीही सबबी पुढे करो, स्वतःला तो पुरता ओळखून असतो. म्हणजे सत्य मनात असतेच; त्याच्यावर सबबींचा पडदा ओढलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात असेच निरीक्षण मांडले. आचरण आणि श्रद्धा यांत विसंगती आली की मन अस्वस्थ होते. आचरण बदलणे कठीण असते, म्हणून मनुष्य आपली समजूत बदलतो. धूम्रपान करणारा ते सोडण्याऐवजी ते फारसे घातक नाही अशी कारणे शोधतो.

आता आपल्या घरात येऊ. आमच्या कागलच्या परिसरात दूधगंगेच्या पाण्याने ऊस पिकला, महामार्ग रुंदावला, औद्योगिक वसाहत आली आणि जमिनीला मोल आले. वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंद होते, मग बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर केवळ भावांची नावे उरतात. ही रीत एकाच समाजाची नाही. परंतु आपल्यासमोर सूरह निसाची आज्ञा आहे: माता-पित्यांनी व नातलगांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा फार, स्त्रियांचा हिस्सा अल्लाहने निश्चित केला आहे (४:७). कर्ज व वसीयत वजा जाता पाच एकर जमीन उरली आणि वारस केवळ दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर प्रत्येक भावाला दोन एकर आणि बहिणीला एक एकर, इतका हा हिशेब सरळ आहे.

तरीही भाऊ म्हणतो, “तिने खुशीने सोडले. तिच्या लग्नात खर्च झाला. ईदला आपण साडी-चोळी करतोच.” यांतील एकेक वाक्य कदाचित खरेही असेल. पण एक प्रश्न तो कधी विचारीत नाही : “आपा, तुझा हिस्सा तुझ्या नावावर करू का?” तो हे का विचारीत नाही? कारण उत्तर काय येईल, याची त्याला धास्ती असते. सत्य ठाऊक असण्याचा हाच पुरावा होय. आणि बहीण गप्प राहते, कारण माहेर तुटण्याचे भय तिला जमिनीपेक्षा मोठे वाटते. भयाने आलेल्या या मौनाला आपण खुशी म्हणतो.

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या’मध्ये या आत्मवंचनेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात सर्वप्रथम आलिमांना उभे केले. १०९५ मध्ये बगदादमधील आपल्या अध्यापनाचा हेतू त्यांनी तपासला, तेव्हा त्यात त्यांना प्रसिद्धीची ओढ दिसली. सुमारे सहा महिने ते द्विधेत होते. अखेर ते पद त्यांनी सोडले. हे वाचताना मला माझी लाज वाटली. वारसाहक्कावर मी कित्येक वर्षे जुमाचे बयान केले नाही. “लोकांची मने अजून तयार नाहीत, हीच हिकमत आहे,” असे मी मनाला सांगत होतो. खरे तर पहिल्या सफेत बसणाऱ्यांची नाराजी मला नको होती. तिला हिकमत हे नाव माझ्या नफ्सने दिले होते.

कागदावरील सहीने हा प्रश्न मिटत नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसनुसार, दोन माणसे वारशाचा वाद घेऊन प्रेषितांकडे (स.) आली. प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की, मी ऐकलेल्या बाजूवरून निवाडा देतो, एखाद्याला त्यातून भावाचा हक्क मिळाला, तर तो अग्नीचा तुकडा समजून त्याने घेऊ नये. साक्षात प्रेषितांच्या (स.) निवाड्यानेही दुसऱ्याचा हक्क हलाल होत नसेल, तर हक्कसोडपत्राने कसा होईल?

म्हणून एक कसोटी घ्या. बहिणीचा हिस्सा आधी तिच्या नावावर करा, तिच्या ताब्यात द्या. तिने तो कसावा, विकावा वा ठेवावा. पुढे तिने कोणाच्याही दडपणाविना काही परत दिले, तर ती खरी भेट होय. ही कसोटी ऐकताच मनात पहिली सबब कोणती उठली, ती लक्षात ठेवा. तसवील तिथेच आहे.

यूसुफ (अ.स.) यांच्या भावांना अखेर आपली चूक कबूल करावी लागली (१२:९१), पण तोवर पित्याची दृष्टी गेली होती. त्या हदीसमधील दोघे मात्र ऐकताच रडू लागले आणि प्रत्येकजण म्हणाला की, माझा हक्क तुलाच असो. प्रेषितांनी (स.) त्यांना न्यायाने वाटणी करून एकमेकांना माफ करण्यास सांगितले. आपल्या घरातील वाटणीही त्याच वाटेने होवो. अल्लाह तआला आपणा सर्वांना स्वतःशी खरे बोलण्याची तौफीक देवो. आमीन.